खवट लाडू

अमरावती, ९ डिसेंबर २०२४

सौ. शकुनताई यांस, कौशल्याचा नमस्कार.

फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन उचलतात देवानंदराव, आणि तो स्पीकरवर लावून खाटेवर ठेवून देतात. मग आपलं बोलणं अर्धी आळी ऐकते. शिवाय फोनवर माझा तोल जातो. म्हणून लिहिते आहे. शाळा सुटली तरी अक्षर सुटलेलं नाही.

काल आपल्या नातवाचं बारसं झालं. तुम्ही बाळंतविडा आणलात, टोपरं स्वतः विणून आणलंत, आणि डिंक-खोबऱ्याच्या लाडवांचा हा एवढा डबा आणलात. मला केवढं कौतुक वाटलं! मी सगळ्या पंगतीत सांगत फिरले, आमच्या विहीणबाईंच्या हातचे आहेत, अकोल्यात नाव आहे त्यांच्या हाताचं. प्रत्येकीच्या ताटात एकेक वाढायला लावला. आणि आमच्या सुंदराकाकूंनी पहिला घास घेतला तो मुठीत थुंकला. शेजारच्या पंचफुलाबाई तोंडाला पदर लावून मोरीकडे पळाल्या. खोबरं खवट होतं, शकुनताई. साधं जुनं नव्हे, डबा उघडताच नाकात बसेल असं.

सगळ्या पंगतीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुम्ही मात्र शांतपणे आपल्या ताटातला लाडू शेवटच्या कणापर्यंत खाल्लात. तेच मला जास्त झोंबलं. ओल्या बाळंतिणीसाठी, माझ्या प्रणालीसाठी असा खाऊ आणायचा आणि वर आपण साळसूदपणे बसायचं? मुलीकडचे आहोत म्हणून आम्ही काहीही गिळावं काय?

उत्तराची वाट पाहते.

कौशल्या


अकोला, १४ डिसेंबर

कौशल्याबाई,

पत्र भेटलं. चांगलं झोंबलं जी. तुमचा हात धरनारं कोनी नाई, पोट्ट्यायले छडी मारता मारता सवय झाली असंन.

खोबरं काई मी झाडावर पिकवलं नाई. दुकानातून आनलं. त्यानं जुना माल माह्या माथी मारला तं मी काय करू? त्या दिवशी सिलिंडर संपलं, मनोजची बसची घाई, मनोजच्या बाबाचं वेगयंच चालू. त्या गडबडीत पाह्याचं राहून गेलं. अन् माह्या ताटातला मी काहून खाल्ला म्हनता? अन्न होतं म्हनून खाल्ला. टाकून द्याचा का?

एका लाडवाचा तुमी डोंगर करून राहिल्या. जाऊ द्या आता. मनोजच्या बाबानं पोट्ट्याचा पायना टांगून ठेवला हाय, प्रणालीच्या खोलीले रंग दिला. मी वेखंड अन् बाळगुटी आनून ठेवली. पोट्ट्याले कदी पाठवता तेवढं लिहा. घर निरं सुनं पडलं.

शकुन


अमरावती, २० डिसेंबर

शकुनताई,

तुमच्या पत्रात सिलिंडर आहे, बस आहे, दुकानदार आहे. तुम्ही कुठेच नाही.

आता मलाही लिहावं लागतं. प्रणालीला मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती बोलली. सातव्यात माहेरी यायच्या आधीची गोष्ट. तुमच्या स्वयंपाकघरात शेगडीचं बटन अर्धवट उघडं, सगळीकडे गॅस कोंडलेला, आणि तुम्ही ओट्याशी निवांत पालक निवडत बसलेल्या. काडेपेटी हाताशी. पोर बाहेरच्या खोलीतून पोट धरून धावत आली, म्हणून आज मी नातू पाहते आहे. तुम्ही काय म्हणालात तिला? "लक्ष नव्हतं." दूध तर म्हणे तुम्ही शेजारी उभ्या असतानाच जळून कोळसा व्हायचं.

मी मुलीची आई आहे. अशा घरात तान्हं बाळ कसं पाठवू? तुम्ही निष्काळजी आहात, की आमची प्रणाली तुम्हाला नकोच आहे, एवढं सरळ सांगा. तोवर दोघं इथेच राहतील.

कौशल्या


अकोला, १ जानेवारी २०२५

विहीणबाई,

हे पत्र लिहाले मले लय दिवस लागले. तीनदा फाडलं. आता जसं आलं तसं पाठवते, मंग तुमी हसा का थुंका.

मले वास येत नाई.

सर्दी नाई, काई नाई. येतच नाई. श्रावनात मनोजसंग स्कूटीवर पातूरहून येत होती. मधात कुत्रं आलं, त्यानं ब्रेक दाबला, अन् मी मांगच्या मांगं सडकेवर पडली. डोक्याची मांगची बाजू आपटली. दवाखान्यात फोटो काढला, रक्त साकयलं नाई म्हने, डोकं ठीक हाय, घरी जा. घरी आली. दुसऱ्या हप्त्यात फोडनी टाकली तं कढईतून नुसतं चरचर ऐकू आलं. लसूनचा वास नाई, जिऱ्याचा नाई. मले वाटलं, येईन उद्या. मंग उद्या, मंग परवा, असं करता करता पोळा गेला, दिवाळी गेली.

काहून सांगतलं नाई म्हनसान. लाज वाटली जी. आमच्या गल्लीतल्या बाया मसाला भाजाले मलेच बोलावत. "शकुन, आता पुरे का?" मी दारातूनच सांगो, धने अजून कच्चे हायेत. आता गुडघ्याचं सोंग करून घरी बसते. अन् सोताचा वास येत नाई हे तं कोनाले सांगाव? आपन घान हावो का चांगले, हे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून समजून घ्या लागते. कोनी नाकाले हात लावला का मले वाटते, माह्याच अंगाले घान येत असंन. दोन दोन खेपा आंघोळ करते, तोंडात लवंग धरते, तरी पंगतीत कोपऱ्यात बसते. तुमच्या घरीबी कोपऱ्यातच बसली होती, आठवा.

लाडू मले गोड लागला. गोड, खारट तेवढं जिभीले समजते. त्याच्यावरचं काई समजत नाई. सगळ्या थुंकून राहिल्या अन् मले कयेना काय झालं. म्हनून खात बसली.

मनोजले सांगू नोका. गाडी त्याच्या हातात होती. थो जन्मभर सोताले खात बसंन.

शकुन


अमरावती, ६ जानेवारी

शकुनताई,

पत्र वाचलं. १९ तारखेला, रविवारी, माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. या. नातवालाही पाहून जा. बाकीचं समोरासमोर बोलू.

कौशल्या


अमरावती, २१ जानेवारी

शकुनताई,

परवा तुम्ही वाण न घेता, तिळगुळ न खाता निघून गेलात. माझ्या दारातून सवाष्ण अशी कधी गेली नव्हती. पण दोष माझा आहे असं मला वाटत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

तुमचं पत्र वाचून मी सुंदराकाकूंना विचारलं होतं. त्यांच्या माहेरी कुणाला फेफरं आलं, कुणी बेशुद्ध पडलं, की कांदा फोडून नाकाशी धरायची रीत. त्यांनी आजवर कितीजणांना असं उठवलंय. त्या म्हणाल्या, "मेल्यालेबी कांदा लागते, हिले काहून लागनार नाई? डोळे मिटून बसव, मी पाहते." मला ते पटलं. सगळ्यांसमोर करायचं नव्हतं, पण काकूंना दम कुठला. तुम्ही पाटावर बसलात, म्हटल्यावर डोळेही मिटलेत. त्यांनी कांदा मुठीनं फोडून नाकाशी नेला आणि तुमचं तोंड हे असं वाकडं झालं, मान मागे गेली, डोळ्यांतून धारा लागल्या. बायका हसल्या. मी नाही हसले, पण मला थांबवावंसंही वाटलं नाही.

नाक बंद असलेल्या माणसाला कांदा झोंबतो का? सांगा. गॅस उघडा ठेवला, लाडू खवट आणले, त्यावर पांघरूण घालायला एवढं मोठं दुखणं रचलंत. दुखण्याची खोटी गोष्ट सांगू नये, ताई. ती अंगाशी येते.

प्रणाली तेव्हा आतल्या खोलीत निघून गेली. तिलाही लाजच वाटली असेल. तिला आणि अंकुरला मी आता इतक्यात पाठवणार नाही.

कौशल्या


अकोला, २४ फेब्रुवारी

विहीणबाई,

महिन्यावर झालं, लिहिलं नाई. लिहिनारच नव्हती.

तुमच्या घरून बसमधे बसली तेव्हा मले सोतालेच वाटलं, मी खोटी हाव. कांदा झोंबला ना? झोंबला. मंग वास येत असंन. मंग मीच येडी, मीच सोंग करून राहिली अन् मले म्हाईत नाई. घरी येऊन मी कांदे फोडू फोडू हुंगले. डोयाले पानी यायचं, वास नाई. मनोजच्या बाबानं तसंच पाह्यलं मले, जमिनीवर बसून, मांडीत कांदे अन् डोयात पानी. त्यायले सांगा लागलं सगळं. माह्यावर चिडले नाई. उठून शर्ट घातला, म्हने चाल.

इथल्या मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. पोरगीच हाय, प्रणालीएवढी. तिनं पहिले डोळे बांधून एकेक शिशी नाकाशी धरली. कॉफी, लवंग, साबन, घासलेट. मी आपली एकेकाले "नाई" म्हनो. मंग एक शिशी धरली अन् मले टोचलंच नाकात, मी खुर्चीतून उठली. मले रडूच फुटलं. म्हनलं, झालं, इथंबी पकडल्या गेली. मी सांगून टाकलं तिले कांद्याचं. सगळं सांगतलं, बाया हसल्याचंबी.

थे पोरगी काय म्हनली आयका. म्हने, आजी, झोंबनं अन् वास येनं ह्या दोन वेगया नसा हायेत. मिरचीची धांस, कांदा, ही शिशी, हे चेहऱ्याच्या नसेले लागते, जशी सुई टोचते तसं. थे नस तुमची चांगली हाय. अन् जो मानूस सोंग करते ना, थो या शिशीलेबी "काहीच नाई" म्हनते, त्याले वाटते आपन पकडल्या जाऊ. तुमी खरं बोलल्या म्हनून उठल्या. मले अजून रडू आलं.

मंग एमआरआय केला. त्या नयीत झोपवते अन् कानाशी कोनी पत्र्यावर हातोडे मारते तसं वाजते. मी डोळे मिटून अंकुरचं नाव घेत पडली. नंतर तिनं फोटो दाखवले. नाकाच्या वरतं, मेंदूच्या खालतं दोन बारीक गाठी रायते, मोड आलेल्या मटकीसारख्या. तिथूनच वासाच्या तारा नाकात उतरते. डोकं मांगून आपटलं का मेंदू पुढं सरकते, अन् त्या तारा तुटते. चांगल्या मानसाच्या फोटोत त्या गाठी भरल्या दिसते. माह्या वायल्या हायेत. भुवयाच्या मांगच्या अंगाले मेंदूवरबी जखमेचा डाग दिसला. पहिला फोटो रक्त साकयलं का तेवढंच पाह्याले होता, त्यात हे दिसत नाई म्हने. फोटो अन् शिश्या, दोनी जुळून राहिल्या. वास परत येईन का इचारलं. तिनं खोटी आस दाखवली नाई. म्हने, इतके महिने गेले, आता कमीच. रोज लवंग अन् लिंबू हुंगत जा, सवय म्हनून.

हे सांगून मले भांडन जिंकाचं नाई, विहीणबाई. उलट सांगते. पोट्ट्याले पाठवू नोका. तुमीच बरोबर होत्या. ज्या घरात आजीले गॅस समजत नाई, दूध नासलं समजत नाई, लेकरानं घान केली समजत नाई, तिथं लेकरू ठेवू नाई. पायना मी उतरवून ठेवला.

शकुन


अमरावती, ३ मार्च

शकुनताई,

तुमचं पत्र आमच्या यांनी, केशवरावांनी उघडलं आणि वाचून माझ्यासमोर ठेवून ते अंगणात गेले. मी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मला बसल्या जागी स्वतःची शिसारी आली.

मी कांदा धरलाच नव्हता, काकूंनी धरला, असं मनाशी म्हणून पाहिलं. लागू पडलं नाही. पाट मी मांडला होता. डोळे मिटा असं मी सांगितलं होतं, आणि तुम्ही विश्वासानं मिटलेत. तुम्हाला वाटलं असेल, नातू मांडीवर ठेवणार आहेत. असं वाटलं होतं का हो? मला रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर येतं, तुमचे मिटलेले डोळे आणि हात पुढे धरलेले.

मी पंचफुलाबाईंकडे आणि सुंदराकाकूंकडे गेले. आमची चूक झाली म्हणून सांगितलं. पंचफुलाबाई रडल्या. काकू आधी ऐकेनात, "कांदा खोटा बोलत नाई" म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, कांदा खरंच बोलला होता काकू, आपल्याला ऐकता आलं नाही.

आणखी एक सांगते, रागवाल. प्रणालीला मी पत्र वाचायला दिलं. तिनं काय करावं? आधी माझ्यावर कडाडली. म्हणाली, "त्या दिवशी मी आत गेले ते अकोल्याच्या आईंची लाज वाटून नाही. तुझी लाज वाटून गेले. तुझा हात धरायला हवा होता, तेवढी हिंमत झाली नाही." मग मनोजरावांना फोन लावून सगळं सांगून टाकलं, स्कूटीसकट. तुमची मनाई मोडली, ती माझ्याच हातून मोडली असं समजा.

बाळ पाठवू नका असं तुम्ही लिहिलंत, तेही तिनं वाचलं. ती म्हणते, "माझ्या घरी मी कधी जायचं ते तुम्ही दोघी पत्रांतून ठरवता का? पाळणा टांगून ठेवा म्हणावं." पाडव्याला मी स्वतः दोघांना घेऊन येते. दारात उभं केलंत तरी चालेल.

कौशल्या


अकोला, १२ एप्रिल

विहीणबाई,

पाडव्याले तुमी आल्या, पन आपलं बोलनं झालंच नाई. तुमी पोट्ट्याच्या दुपट्याच्या घड्या करत बसल्या अन् मी ओट्यापाशी. दोघीबी भित्र्या. म्हनून पुन्हा कागदच.

तुमी माफी मांगाले तोंड उघडत होत्या, मी पाह्यलं. चारखेपा उघडलं अन् "पानी द्या" म्हनल्या. मी चारखेपा पानी देल्लं. पन एक गोठ मी पाह्यली, थे तुमाले म्हाईत नसंन. मी लाडू ठेवले तुमच्यापुढं. पुन्हा डिंकाचेच, खोबरं यावेळी प्रणालीनं हुंगून घेतलं होतं, पन तुमाले थे सांगतलं नव्हतं. तुमी उचलला अन् सरळ तोंडात टाकला. नाकाशी नेला नाई. तुमची माफी तितंच मांगून झाली. आता पुन्हा मांगू नोका, मले लाज वाटते.

मनोज पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसला. मंग बजारातून गॅसचा भोंगा घेऊन आला अन् भिंतीले ठोकला. थोडा गॅस सुटला का असा बोंबलते का शेजारचे धावून येते. प्रणाली जाता-येता मले सांगत जाते, "आई, दूध लागून राह्यलं", "आई, तुमच्या साडीले मस्त उन्हाचा वास येऊन राह्यला". हे दुसरं थे रोज सांगते, मी इचारत नाई तरी. पोट्ट्याची मी घडीघडी हातानं चाचपून पाहते, घान केली का. त्याले वाटते आजी गुदगुल्या करून राह्यली. हसते.

पंगतीत मी आता कोपऱ्यात बसत नाई. मसाल्याले बाया येतात तं खरं सांगून टाकलं. काई हसल्या, काई नाई. एकीनं तोंडावरच इचारलं, "मंग तुले तुह्या घामाचा वास येत नाई का वं?" मी म्हनलं, नाई, तुले येत असंन तं सांग, मी आंघोळ करते. थेच लाजली.

आता एक मांगते. बारशाले सगळ्या बाया त्याची टाळू हुंगून "अगं बाई, काय वास हाय" म्हनत होत्या. माह्या मांडीवर देल्ला तेव्हा मीबी नाक लावलं अन् "हो ना" म्हनलं. काहीच आलं नव्हतं जी. थे "हो ना" मले अजून टोचते. प्रणालीले इचारलं तं म्हनते, "कसा म्हंजे, बाळासारखा." तुमी मास्तरीन. तुमी त्याले चार महिने छातीशी घेतलं. कसा येते थे लिहा. गोडगोड लिहू नोका, खरं लिहा.

शकुन


अमरावती, २१ एप्रिल

शकुनताई,

आयुष्यभर मुलांना "माझा आवडता सण" लिहायला लावलं आणि आज माझ्यावरच पाळी आली. पाच दिवस कागद पुढे घेऊन बसते आहे. दुधासारखा लिहिलं, खोडलं. फुलासारखा लिहिलं, खोडलं, माझीच मला लाज वाटली. कारण खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि तुम्ही खरंच मागितलं आहे.

तुम्ही विणलेलं टोपरं हरवलं असं मी प्रणालीला सांगितलं होतं. हरवलं नाही. मी माझ्या कपाटात ठेवून घेतलं. धुतलं नाही. घर रिकामं झाल्यापासून रोज दुपारी केशवराव झोपले की मी ते काढते आणि तोंडावर धरून बसते. या वयात असं चोरून बसते. आज ते पुढ्यात घेऊन लिहिते आहे.

पहिल्यांदा ओव्या-शेपाच्या धुरीचा वास येतो. मग वेखंड, थोडा. त्याच्याखाली आंबूस दूध, ओठांवरून ओघळून मानेशी वाळलेलं. आणि सगळ्यांच्या खाली, लोकरीत मुरलेलं, टाळूवर रोज थापायचो ते खोबरेल तेल. अंगाच्या उबेनं ते जुनं होतं. वाटीतल्या तेलाला तो वास येत नाही, फक्त त्याच्या डोक्यालाच येतो.

मी पुष्कळ हुंगून पाहिलं. दुसरा शब्द नाही, ताई. खवट येतो. तुमच्या त्या लाडवांना आला होता, अगदी तसाच.

मला तो सोडवत नाही.

कौशल्या